कड्यांच्या कारखान्याची मालकीण

“आणि नाही झालं तर?”

हा प्रश्न विचारायच्या आधी ताई चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या. मग डोळे बारीक करून माझ्या दिशेला बघायच्या आणि विचारायच्या. चष्मा का काढता, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “समोरच्याचं तोंड नीट दिसलं की धीर होत नाही गं. धूसर दिसलेलं बरं.”

भित्री माणसं तुम्हीही पाहिली असतील. गॅस बंद केला का, म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत फिरणारी. विमान संध्याकाळचं असताना सकाळीच विमानतळावर जाऊन बसणारी. आपण त्यांना हसतो आणि त्यांच्याच भरवशावर घर टाकून बाहेर पडतो. पण अशा माणसाच्या हातात एक अख्खा कारखाना आला तर काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे.

जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखहून बस पकडून थोडं पुढे गेलं की एक लहान गाव लागतं. तिथे ताईंचा कारखाना. बुटाची नाडी ज्या भोकातून ओवतात त्या भोकाला धातूची कडी बसवलेली असते ना, ती कडी तिथे तयार होते. बुटांची, पडद्यांची, ताडपत्र्यांची, तंबूंची. आपण जन्मभर नाड्या बांधतो आणि त्या कडीकडे कधी ढुंकून बघत नाही. ताईंच्या सासरच्यांनी मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्या कडीवरच संसार केले होते.

ताई मूळच्या मिरजेच्या. पुण्यात जर्मन शिकल्या, न्यूर्नबर्गच्या एका व्यापारी प्रदर्शनात दुभाषी म्हणून आल्या आणि तिथे कड्यांचे नमुने मांडून बसलेल्या एका लाजाळू माणसाशी लग्न करून इथेच राहिल्या. त्या माणसाचं नाव मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. इतकी वर्षं जर्मनीत काढली, नवरा जर्मन, पण उल्लेख कायम ‘आमचे हे’. “आमचे हे असते तर तुला बोलवायची वेळच आली नसती,” असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं, आणि वर पोहे खायला घातले.

हे गेले आणि कारखाना ताईंच्या गळ्यात पडला. दफनभूमीत गावातला एक म्हातारा शेजारच्याला तिथल्या बोलीत म्हणाला, आता बघ, ही परकी बाई दोन वर्षांत कुलूप लावते की नाही. त्याला वाटलं, हिला आपली बोली काय कळणार. ताईंना ती बोली त्याच्या नातवंडांपेक्षा जास्त कळत होती. त्या दिवसापासून त्यांच्या पोटात एकच भीती घर करून बसली, की कारखाना आपल्या हातून जाणार आणि लोक म्हणणार, परकीनं बुडवला. बाकी सगळ्या धास्त्या त्या एका भीतीची पिल्लं होती.

त्यांनी मला बोलावलं तेही भीतीनेच. मोठ्या गिऱ्हाइकांनी कळवून टाकलं होतं, की यापुढे ऑर्डरी आमच्या सिस्टीममधून तुमच्या सिस्टीममध्ये येतील. फोन नाही, फॅक्स नाही. तुमच्याकडे सिस्टीम नसेल तर आमचा नाइलाज आहे. म्हणजे बदल केला नाही तर कारखाना जाणार हे नक्की होतं. आणि बदल केला तरी जाईल, असं ताईंना वाटत होतं.

माझं काम तसं रुक्ष आहे. छोट्या-मध्यम कारखान्यांचा कारभार कागदातून आणि माणसांच्या डोक्यातून काढून संगणकात कसा न्यायचा, सुरुवात कुठून करायची, कशाला शेवटपर्यंत हात लावायचा नाही, याचा आराखडा मी करून देते. पहिल्या दिवशी सगळ्यांना एका खोलीत बसवते. काय व्हावंसं वाटतं ते पिवळ्या चिकट कागदांवर लिहायचं, काय बिघडू शकतं ते लाल कागदांवर, आणि भिंतीला लावायचं. जर्मन माणूस लाल कागद मोठ्या हौसेने लिहितो, म्हणून मी लाल गठ्ठे जास्तच नेते. त्या दिवशी ते ताईंनी एकटीने संपवले.

इंटरनेट गेलं तर. मायस्टर आजारी पडला तर. सॉफ्टवेअर विकणारी कंपनीच बंद पडली तर. गोदामातल्या उंदरांनी वायर खाल्ली तर. एका कागदावर होतं, ‘तू पुण्याला परत गेलीस तर’. मी मूळची पुण्याची. तेवढा एक कागद मराठीत होता.

मायस्टर म्हणजे तिथला सगळ्यात जुना कारागीर आणि मुकादम. हात पाठीमागे बांधून तो भिंत वाचत होता. “तर मग, शेफिन,” तो ताईंना म्हणाला, कारण मालकीणबाईंना सगळे शेफिनच म्हणायचे, “आकाशातून उल्का पडेल, तेवढं लिहायचं राहिलं.”

ताईंनी चष्मा काढला. “पडली तर?”

खोलीतले सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. मीही त्यांच्याकडे बघून हसू आवरलं, कारण त्या खरंच उत्तराची वाट बघत होत्या.

आराखडा ठरायला वेळ लागला. आधी ऑर्डरी, मग गोदाम, आणि सगळ्यात शेवटी मशिनं, म्हणजे कोणत्या मशिनवर आज कोणती कडी ठोकायची ते पडद्यावर दिसणार. प्रत्येक पायरीला ताईंचा तो प्रश्न ठरलेला. मी वैतागायचे. एकदा त्या फारच मागे लागल्या म्हणून मी आराखड्यात एक कलम घातलं, की आठवड्यातून एकदा सगळ्या माहितीची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यायची आणि ती डिस्क कशालाही न जोडता कारखान्याबाहेर ठेवायची. दर शुक्रवारी ताई ती डिस्क स्वयंपाकाच्या रुमालात गुंडाळून घरी न्यायच्या आणि तळघरात लोणच्याच्या बरण्यांमागे ठेवायच्या. मायस्टर म्हणायचा, शेफिन डिस्क मुरवत ठेवते.

पण ऑफिसच्या मागे एक छोटं स्वयंपाकघर होतं. तिथे ताई वेगळ्याच व्हायच्या. दार लोटलं की मराठी सुरू, आणि मराठी सुरू झाली की आवाज मोठा, हसणं मोठं, हातवारे मोठे. मिरजेच्या एका मावशींची नक्कल करताना तर एकदा त्यांच्या हातून चहाचा कपच उडाला. तीच बाई पाच मिनिटांपूर्वी सर्व्हरच्या नावाने घामाघूम झाली होती, हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं.

मी एकदा म्हटलं, “ताई, तुम्ही मीटिंगमध्ये अशा का नसता?”

“तिथे जर्मन असते गं,” त्या म्हणाल्या. “मला आयुष्यात जे जे घाबरवणारं आलं ते जर्मनमध्ये आलं. इथे राहण्याच्या परवान्याच्या खिडकीतली ती बाई. कराची पत्रं. ह्यांचे रिपोर्ट. ह्यांच्या आजाराचं नाव मला अजून मराठीत माहीत नाही. मुद्दामच विचारलं नाही कोणाला. म्हटलं, एक भाषा तरी स्वच्छ राहू दे.”

मग त्यांनी मला विचारलं, थालीपीठ आणखी एक टाकू का. मी ताट पुढे केलं.

त्या स्वच्छ भाषेत त्या मोकळ्या हाताने वागायच्या. नव्याने आलेल्या मराठी पोरापोरींना खोली शोधून दे, भाड्याचा करार वाचून दे, नोकरीसाठी शब्द टाक. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांचा सत्कार झाला होता. ‘आमच्या सर्वांच्या ताई’ असं लिहून कुणीतरी त्यांचा फोटो मंडळाच्या पानावर टाकला होता, खाली मिरज, कारखाना, गाव, सगळं. ताईंना त्याचं फार कौतुक. ऑफिसात नोकरीचे अर्ज बघायचं काम फ्राउ वोल्फ, म्हणजे वोल्फबाई, करायची. ती जागा नसली की एका ओळीचा नकार पाठवून मोकळी होई. ताईंना ते बघवायचं नाही. “नाही म्हणायचं तरी चार शब्द नीट लिहावेत माणसाला,” असं त्या म्हणायच्या.

आता चोरांबद्दल सांगायला हवं. आजकाल छोट्या कारखान्यांवर दरोडा पडतो तो मेलमधून. एक फाइल उघडली की सगळे संगणक कुलूपबंद, आणि किल्लीसाठी खंडणी. शेजारच्या तालुक्यातला एक कारखाना असाच बसला होता आणि परत उठला नव्हता. ताई त्याच्या दारावरून गाडी न्यायच्या नाहीत, लांबचा रस्ता घ्यायच्या.

म्हणून आराखड्यात मी नियम घातले. नोकरीचे अर्ज फक्त वेबसाइटवरून घ्यायचे, मेलने आलेला अर्ज उघडायचा नाही. आणि लोकांना सवय व्हावी म्हणून मी अधूनमधून खोट्या मेल पाठवून परीक्षा घ्यायचे. मायस्टर दर वेळी फसायचा. ताई एकदाही फसल्या नाहीत. उलट कुठलीही मेल आली की त्यांचा मला फोन, “ही तुझीच ना?” बँकेची खरी मेल आली, फोन. दातांच्या डॉक्टरची आठवण आली, फोन. त्यांची लेक अनिता ड्रेस्डेनला चिपच्या कारखान्यात इंजिनियर आहे. तिने वाढदिवसाचे फोटो पाठवले तेही त्यांनी उघडले नाहीत. अनिताने मला फोन करून जर्मनमध्ये झापलं. तिला मराठी सगळं कळतं, पण रागवायला तिला जर्मनच लागते.

सगळं नव्या सिस्टीमवर गेलं. मशिनांवर पडदे लागले. काही बिघडलं नाही. ताईंना जर्मनमध्ये हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मला वाटलं, सुटली ही बाई भीतीतून.

मग एका सकाळी मायस्टरचा फोन आला. त्याने नमस्कारही केला नाही. एवढंच म्हणाला, “पडदे काळे आहेत. सगळे.”

मी पोचले तेव्हा माणसं अंगणात उभी होती. कॉफीचे कप हातात होते, पण कुणी पीत नव्हतं. सगळे हळू आवाजात बोलत होते. आत मशिनं थांबलेली. कड्या ठोकल्या जात नसताना तो कारखाना मी कधी पाहिला नव्हता. पडद्यांवर धमकीचा मजकूर होता. ताई कुठे आहेत विचारलं तर कुणालाच माहीत नव्हतं. त्या स्वयंपाकघरात सापडल्या, बंद चुलीसमोर उभ्या. मी आत गेले तर त्यांनी चष्मा काढला, पण काही विचारलं नाही.

पोलीस आले. अशा चोऱ्यांचा माग काढणारा एक माणूस आला. तो दुपारपर्यंत तारांमध्ये डोकं घालून बसला आणि मग मला हळूच बाजूला घेऊन म्हणाला, चोर शेफिनच्या संगणकातून आत आलेत, एका मेलमधून, पण मेल कुठल्या लिपीत आहे ते मला कळत नाही, तू वाचशील का.

मी वाचली. ताई शेजारी उभ्या होत्या.

‘आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. मी मिरजेची. धातूचे साचे बनवण्याचं शिक्षण घेतलं आहे. मंडळात तुमचं नाव ऐकलं. आईची तब्येत बरी नसते, घरची जबाबदारी माझ्यावर आहे. बायोडेटा जोडत आहे. बघून नाही म्हणालात तरी चालेल, पण एकदा बघा.’

खाली ताईंचं उत्तर होतं. ‘अगं, फाइल उघडत नाहीये. परत पाठव. आईंना काय होतंय?’

आणि त्याखाली दुसरी मेल, पुन्हा तीच फाइल. आईंना जरा आराम आहे म्हणून लिहिलं होतं.

तो माणूस जर्मनमध्ये म्हणाला, की हल्ली हे यंत्राकडून लिहून घेतात, कुठल्याही भाषेत, अगदी जशी हवी तशी. मी ताईंना मराठीत सांगायला लागले तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांना कळलं होतं.

“किती छान लिहिलं होतं गं,” त्या म्हणाल्या. “एवढं चांगलं मराठी मला कितीतरी दिवसांत कोणी लिहिलं नव्हतं.”

मग खुर्चीत बसल्या आणि कुणाला ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाल्या, “मराठीत कोणी फसवेल असं मनातच आलं नाही.”

मला त्या चोरांचा त्या क्षणी इतका संताप आला, की समोर असते तर मी हात उचलला असता. खंडणी मागितली त्याचं मला काहीच वाटलं नाही. त्यांनी या बाईची एकच स्वच्छ राहिलेली खोली घाण केली होती.

विम्याच्या वकिलाने सांगितलं, कुणी उघडलं ते सध्या बोलू नका. ताईंनी मान डोलावली. न बोलणं सोपं होतं, कारण मेल नोकरीच्या अर्जाची होती एवढं बाहेर गेलं होतं आणि अंगणातल्या लोकांनी आपापसांत ठरवून टाकलं होतं. अर्ज कोण बघतं? फ्राउ वोल्फ. दुसऱ्या दिवशी दुपारी ती जेवायला बसली तर टेबलावरचे दोघे उठून दुसरीकडे गेले. ती डबा बंद करून आपल्या खोलीत गेली. ताईंनी ते काचेतून पाहिलं.

त्यांना काय वाटत असेल ते मला दिसत होतं. दफनभूमीतल्या म्हाताऱ्याचं बोलणं आता खरं होणार होतं, आणि तेही त्यांच्या स्वतःच्या बोटाने. गप्प राहिल्या असत्या तर निदान नाव तरी वाचलं असतं. “ताई, वकील म्हणालाय,” मी आठवण करून दिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा डोळ्यांवरच होता.

त्या मशिनांच्या मोठ्या खोलीत गेल्या. सगळ्यांना बोलावलं. त्या ठेंगण्या, म्हणून मायस्टरने एक लाकडी खोकं पुढे सरकवलं आणि हात धरून त्यांना वर चढवलं.

“ती मेल मी उघडली,” त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. “नियम मला माहीत होता. सगळ्यात जास्त मलाच माहीत होता. फ्राउ वोल्फचा काही संबंध नाही. मी उघडली. दोनदा.”

मी भिंतीला टेकून उभी होते. त्या वेळात कुणी ‘परकी’ एवढा एक शब्द जरी उच्चारला असता तरी ती बाई तिथेच कोसळली असती.

मागून एकाने विचारलं, “मग उद्या आम्ही यायचं का?”

ताईंनी त्या आवाजाच्या दिशेला पाहिलं. “या,” त्या म्हणाल्या. “कृपा करून या.”

“बरं,” तो म्हणाला. आणि लोक पांगले. तिथली माणसं तशीच आहेत, जास्त बोलत नाहीत.

लोणच्याच्या बरण्यांमागची डिस्क कामाला आली. अलीकडचं बरंच काही गेलं, पण मूळ सगळं परत मिळालं. खंडणी द्यावी लागली नाही. एक मोठं गिऱ्हाईक मात्र गेलं ते गेलंच, आणि कारखाना थोडा आक्रसला. पण मशिनं पुन्हा सुरू झाली. वैतागून घातलेल्या कलमाने कारखाना वाचला, असं मी ताईंना सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, पण आत पोचलं नाही.

त्या आता कुठल्याच गोष्टीला हात लावत नव्हत्या. फोन वाजला तर दचकायच्या. सही करायची असली तर मायस्टरला शेजारी उभं करायच्या. स्वयंपाकघरात दार लोटलं तरी मराठी सुरू होईना. मी मराठीत बोलायचे, त्या जर्मनमध्ये उत्तर द्यायच्या, तेही दाराकडे बघत. शेवटी त्यांनी कारभार मायस्टरच्या आणि एका नेमलेल्या माणसाच्या हाती दिला. “माझ्या हातात राहिला तर जाईल,” एवढंच कारण सांगितलं. अनिता येऊन त्यांना ड्रेस्डेनला घेऊन गेली. निरोपाला केक आणला होता. ताईंनी तो कापला नाही, फ्राउ वोल्फला कापायला लावला.

दिवाळीला मी त्यांना मराठीत शुभेच्छा पाठवल्या. उत्तर आलं जर्मनमध्ये, सरकारी कचेरीतून यावं तसं: ‘आपण कोण आहात ते कृपया कळवावे.’ मी फोन केला. त्यांनी उचलला, माझा आवाज ऐकला आणि ठेवून दिला. थोड्या वेळाने अनिताचा फोन आला. आवाजाचीही नक्कल करता येते असं आईने कुठेतरी वाचलंय, ती जर्मनमध्ये म्हणाली, तू तूच आहेस यावर तिचा विश्वास नाही. या वेळी अनिता रागावली नव्हती. तिचा आवाज रडवेला होता.

मी ड्रेस्डेनला जायचं ठरवलं. जायच्या आधी कारखान्यात गेले. नवं गिऱ्हाईक मिळालं होतं, एक तंबू शिवणारी कंपनी, आणि सगळी मशिनं चालू होती. मायस्टर म्हणाला, शेफिन माझ्यावर विश्वास ठेवणार नाही, तिला हे ऐकव. मी फोन मशिनांसमोर धरला आणि तो ठोकण्याचा आवाज चांगला लांबलचक भरून घेतला.

ड्रेस्डेनच्या त्या फ्लॅटचं दार साखळीएवढंच उघडलं. फटीतून ताईंनी मला बघितलं. मग हात बाहेर काढून माझ्या मनगटाला बोटं लावली, ताप बघतात तशी. मग साखळी काढली.

आत आल्यावर त्यांनी हात पुढे केला. “फोन. तो ऐकतो,” त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. मी दिला. त्यांनी माझा आणि स्वतःचा, दोन्ही फोन पिठाच्या स्टीलच्या डब्यात घातले, झाकण दाबून बसवलं, डबा कपाटात ठेवला आणि कपाटाचं दार लावलं. तुम्हाला हसू येईल. मलाही आलं असतं, पण त्यांचा चेहरा बघितल्यावर आलं नाही. मग त्या माझ्यासमोर बसल्या आणि एक मोठा श्वास सोडून मराठीत म्हणाल्या, “हं. बोल आता. आई कशी आहे तुझी?”

चहा झाला. चिवडा झाला. मिरज झाली. आवाज मोठा होत नव्हता, पण मराठी होती. मग त्या टेबलावरचे कण बोटाने गोळा करत राहिल्या आणि वर न बघता म्हणाल्या, “खरं सांग. गेला ना तो?”

“नाही हो ताई. चालू आहे. सगळी मशिनं चालू आहेत.”

“अनिता पण असंच म्हणते. मला बरं वाटावं म्हणून.”

“आवाज भरून आणलाय मी तुमच्यासाठी. फोनमध्ये आहे. काढू?”

त्यांनी माझा हात धरला, घट्ट. “नको. तो डबा नको उघडूस. आणि तो आवाज तरी खरा कशावरून?”

सगळे आराखडे करणारी मी, बोटांची पेरं टेबलावर आपटायला लागले. परवा ऐकलं होतं तसं. मोठ्या मशिनाचा एक जड ठोका, मागोमाग लहान मशिनांचे भरभर ठोके, पुन्हा जड ठोका. मला ते धड जमत नव्हतं. पण ताईंनी मान उचलली. दोन्ही तळवे टेबलावर उपडे ठेवले आणि डोळे मिटले.

“हे परवाचं?” त्यांनी विचारलं.

“परवाचं. मी समोर उभी होते.”

लाकूड त्यांच्या हाताखाली हलत होतं. त्यांचे ओठ थोडे उघडले होते. चहावर साय धरली. माझी पेरं दुखायला लागली म्हणून मी हात जरा आवरता घेतला.

“थांबू नकोस,” त्या म्हणाल्या.